काचा कमी झाल्या ते वर्ष

कचरा डेपोवर वहिनींना नावाने हाक मारणारं कुणी नव्हतं. साठी उलटलेले ट्रकवाले, काट्यावरचा कारकून, गेटवरचा पहारेकरी, एवढंच काय, वरच्या ऑफिसातले साहेबसुद्धा त्यांना वहिनीच म्हणत. खरं नातं एकट्या डोझरवाल्याचं. तो त्यांचा धाकटा दीर. कामावर आला त्या पहिल्याच दिवशी त्याने चारचौघांत 'वहिनी, डबा कुठे ठेवू?' असं विचारलं आणि तेव्हापासून त्या अख्ख्या डेपोच्या वहिनी झाल्या. सुरुवातीला त्यांना राग यायचा. ओळख ना पाळख, कोण कुठला दाढीवाला, त्याची मी कसली वहिनी? पण पुढे त्यांच्या लक्षात आलं, की वहिनी म्हटल्यावर माणूस तोंडातली शिवी गिळतो. मग त्यांनी तक्रार सोडून दिली.

काम म्हणाल तर अडवायचं. गेटाजवळ मोठा फलक होता आणि त्यावर आत काय चालणार नाही याची यादी होती: पुठ्ठा, काच, पत्रा, टायर, बॅटऱ्या, रंगाचे डबे, गॅसच्या टाक्या, जुने फ्रीज. जे परत वापरता येतं ते पुरायचं नाही, आणि जे गळतं, पेटतं, फुटतं ते तर मुळीच नाही, असा सरळ हिशोब. तो फलक वाचायचे कष्ट कुणी घेत नसे, म्हणून तर वहिनींना ठेवलं होतं. गाडी काट्यावर वजन करून चढ चढायची आणि कडेला पाठ लावून रिकामी व्हायची. कड म्हणजे रोज भरत जाणाऱ्या खड्ड्याचा काठ. माल पडला की डोझर तो ढकलायचा, दाबायचा, वरून चार फेऱ्या मारायचा. त्याआधीच्या दोन-चार मिनिटांत वहिनींनी ठरवायचं, माल राहणार की परत जाणार. बंदीचा माल निघाला की लाल चिठ्ठी. चिठ्ठी मिळालेल्याने आपला माल आपल्या हातांनी परत गाडीत भरायचा, आणि वर्षात तीन चिठ्ठ्या झाल्या की त्या गाडीला वर्षभर गेट बंद.

नियमाप्रमाणे दर गाडीमागे पाच पिशव्या आकडीने फोडून बघायच्या होत्या. बाकीचे तपासनीस तसंच करायचे. वहिनी नाही. गाडीचा हौदा वर उचलला जायला लागला की त्या कडेपासून दहा पावलं लांब जायच्या, मालाकडे पाठ करायच्या आणि मान खाली घालून उभ्या राहायच्या. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटायचं, बाईंना वास सहन होत नाही. वास कसला? त्या ऐकत असायच्या. काळ्या पिशव्या बाहेरून सगळ्या सारख्याच, डोळ्यांनी काय कप्पाळ कळणार? पण पडताना प्रत्येक वस्तू आपण कोण ते सांगते, असं त्यांचं म्हणणं होतं. काच बारीक खळ्ळ करते. पत्रा थोडा वेळ बोलत राहतो. ओला पुठ्ठा धप्पकन बसतो, कोरडा सरकत जातो. गॅसची टाकी भरलेली असो की रिकामी, पडली की एक बारीकसा ठणत्कार मागे ठेवते. ऐकून झालं की वहिनी वळायच्या, हात वर करून डोझर थांबवायच्या, ढिगात शिरायच्या आणि पन्नास पिशव्यांतली नेमकी ती पिशवी आकडीने ओढून काढायच्या. एकदा एका ड्रायव्हरने पैज लावली होती. वहिनी न वळताच म्हणाल्या, 'दोन रंगाचे डबे, एक उघडा आणि एक बंद, आणि खालच्या अंगाला बॅटरी आहे.' तिन्ही निघाले. त्याने तोंडात बोटच घातलं.

त्यामुळे त्यांच्या पाळीत रांग भराभर सरकायची. पाच पिशव्या फोडायचा वेळ वाचायचा, ड्रायव्हर खूश, ऑफिस खूश. वर्षातून एकदा नवे तपासनीस शिकायला यायचे तेव्हा साहेब त्यांना मुद्दाम वहिनींची पाठ दाखवायला आणायचे.

डेपोवर सगळ्यांना कानावर लावायच्या टोप्या मिळाल्या होत्या. डोझरचा आवाज असा, की दिवसभर त्याच्याजवळ उभं राहिलं तर घरी आल्यावरही डोक्यात तो चालूच राहतो. वहिनींची टोपी मात्र सोळा वर्षं कपाटात पडून होती. कान झाकले तर ऐकणार काय?

दिराचं आणि त्यांचं नातं समजून घ्यायला हवं. वहिनींचे यजमान गेले तेव्हा हा दीर चौदा वर्षांचा होता. सासू आधीच गेलेली, सासरे थकलेले. वहिनींनी नवऱ्याच्या जागी डेपोवर नोकरी धरली, याचं शिक्षण केलं, याला मशीन चालवायला शिकायला घातलं, मुलगी बघून लग्न लावून दिलं. आता तो तेहतीस वर्षांचा, एका मुलीचा बाप, तरी वहिनींसमोर खुर्चीवर पाय घेऊन बसायचा नाही. त्या त्याला भाऊजी म्हणायच्या, अहो-जाहो करायच्या, आणि डब्यात एक पोळी कमी खाल्ली तर अख्ख्या डेपोसमोर ओरडायच्या.

डोझरचं पुढचं पातं एवढं उंच असतं, की त्याच्या पुढची दहा हात जमीन ड्रायव्हरला दिसतच नाही. पूर्वी हा दीर अर्धा उभा राहून, मान बाहेर काढून, डोळ्यांत तेल घालून मशीन चालवायचा. गॅसची टाकी डोझरच्या चाकांवर फिरणाऱ्या लोखंडी साखळीखाली आली तर ती कुठे उडेल याचा नेम नसतो. दुसऱ्या एका डेपोवर एक जण तशानेच गेला होता. पण वहिनींची पाळी आणि याची पाळी एक झाली आणि हा बिनघोर झाला. वहिनींचा हात वर नाही म्हणजे खाली काही नाही. पाठ टेकून बसायचा, कानावर टोप्या चढवायचा आणि चालवायचा. त्याचा जीव त्या हातावर होता आणि हे दोघांनाही नीट ठाऊक होतं.

तर असं सगळं चाललेलं असताना काचा कमी व्हायला लागल्या.

पहिल्या महिन्यात वहिनींना तो योगायोग वाटला. महिन्याला चाळीसेक लाल चिठ्ठ्या काचेच्या असायच्या, त्या तीसवर आल्या. मग बावीस. उन्हाळा संपेपर्यंत अकरा. टायर तेवढेच, पुठ्ठा तेवढाच, पण काच गळत चाललेली. वहिनींनी चिठ्ठ्यांचा तक्ता दोनदा तपासला आणि मग त्यांना जे वाटलं ते सांगायलाच हवं. त्यांना फार, फार बरं वाटलं. इतकी वर्षं घसा कोरडा करून ड्रायव्हरांना सांगितलं, ड्रायव्हरांनी घरोघरच्या माणसांना सांगितलं, आणि लोकांनी ऐकलं. आपलं कुणी ऐकलं, हे सुख त्या बाईच्या वाट्याला आयुष्यात किती वेळा आलं असेल? त्या घरी येऊन सांगायच्या, की बघा भाऊजी, माणसं वाईट नसतात, त्यांना कुणीतरी चिकाटीने सांगावं लागतं. ऑफिसनेही तेच मानलं. साहेबांनी वर्षाच्या अहवालात छापलं, की शहराने काच वेगळी करायची सवय लावून घेतली. वहिनींना बोलावून प्रशस्तिपत्र दिलं. ते त्यांनी फ्रेम करून आणलं आणि बाहेरच्या खोलीत घड्याळाखाली लावलं.

त्याच वर्षी घरात एक वेगळीच कुरबुर सुरू झाली. धाकटी जाऊ पुटपुटायला लागली, असं वहिनींचं म्हणणं पडलं. म्हणजे काय, तर सरळ बोलायचंच नाही, तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणायचं आणि निघून जायचं. वहिनींनी बरेच दिवस मनात ठेवलं आणि एकदा सगळ्यांदेखत विचारलं, की माझ्याबद्दल काही असेल तर तोंडावर बोल, असं कुजबुजायचं कशाला? धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती बिचारी नेहमीसारखंच बोलत होती. आवाजच तिचा पातळ. दिराचा आवाज जाड, तो वहिनींना नीट कळायचा, म्हणून दोष सगळा धाकटीच्या वाट्याला आला. फोन वाजलेला कळेना, तर फोन खराब. कुकरची शिटी कळेना आणि डाळ करपली, तर कुकर खराब. माणूस स्वतःवर सोडून सगळ्या जगावर शंका घेऊ शकतो. वहिनी काही त्याला अपवाद नव्हत्या.

मग एके दिवशी दुपारच्या सुट्टीत त्या खड्ड्यात उतरल्या. एरवी उतरत नसत. वाऱ्याने त्यांची चिठ्ठ्यांची वही खाली उडाली होती, ती आणायला गेल्या. ऊन डोक्यावर होतं. सकाळीच दाबलेल्या थरावर त्या उभ्या राहिल्या आणि बघतात तो सगळी जमीन चमचमत होती. हिरवी काच, पांढरी काच, तपकिरी काच. साखळीखाली चुरडलेली, मातीत बसलेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. हा थर त्यांच्या पाळीचा होता. त्या दिवशी सकाळपासून त्यांनी काचेची एकही चिठ्ठी फाडली नव्हती.

वहिनी तिथेच खाली बसल्या. थोड्या वेळाने उठून तपासणीच्या ओट्याकडे गेल्या. तिथे पुराव्यासाठी ठेवून घेतलेल्या बाटल्यांचा ढीग असायचा. त्यातल्या सहा बाटल्या त्यांनी एका काळ्या पिशवीत घातल्या, तोंड बांधलं आणि सिमेंटच्या ओट्यावर जाऊन उभ्या राहिल्या. आसपास कुणी नव्हतं, सगळी मशिनं बंद होती. त्यांनी पाठ फिरवली, मान खाली घातली आणि पिशवी खांद्यावरून मागे फेकली.

धप्प. उशी पडावी तसा आवाज आला.

त्यांना वाटलं, फुटल्या नसतील. वळून पिशवी चाचपली, तर आत नुसते तुकडे. दुसरी पिशवी भरली. परत धप्प. तिसरी त्यांनी डोक्यावरून दोन्ही हातांनी आपटली. तीही धप्पच. शहर होतं तसंच होतं. कुणी काही ऐकलं नव्हतं, कुणी काही वेगळं केलं नव्हतं. कमी झालं होतं ते फक्त त्यांचं ऐकणं. आणि काचेचा बारीक आवाज जर गेला, तर टाकीचा ठणत्कार कुठला राहायला? समोर तो डोझर उभा होता आणि त्याच्या सावलीत दीर डबा खात होता.

आता कुणीही म्हणेल, की त्याच पावली जाऊन सांगायचं. वहिनीही दुसऱ्या कुणाला तेच म्हणाल्या असत्या. पण त्या उठल्या, तुकड्यांच्या पिशव्या ढिगामागे ढकलल्या आणि दुपारच्या पहिल्या गाडीला आकडी घेऊन सामोऱ्या गेल्या. निवृत्तीला पाच वर्षं होती. ऐकू येत नाही म्हटल्यावर कडेवर कोण उभं करणार? गेटाच्या खोलीत बसवतील, कागदांवर शिक्के मारायला. भिंतीवरचं प्रशस्तिपत्र उतरवावं लागेल. धाकटीला मी काय काय बोलले, तेही उलटून अंगावर येईल. आणि भाऊजींना काय सांगू, की वर्षभर तुम्हाला आंधळं करून डोझर चालवायला लावत होते? त्यांनी मनाची समजूत घातली, की कान गेले तर गेले, आकडी आहे, डोळे आहेत. पाच काय, दहा पिशव्या फोडू. एकही टाकी सुटू देणार नाही. सांगायचं ते सांगू, जरा बेतानं.

पुढच्या नऊ दिवसांत त्यांच्या नाकी नऊ आले. गाडी पडली की त्या ढिगात शिरायच्या आणि दिसेल ती पिशवी फाडत सुटायच्या. हात सोलवटले. रांग काट्यापर्यंत गेली. ड्रायव्हर हॉर्न वाजवायचे, तो मात्र ऐकू यायचा. कुणी म्हणालं, वहिनी, आज कानांना सुट्टी दिली का? त्या हसल्यासारखं करून वेळ मारून न्यायच्या, म्हणायच्या, नवा नियम आलाय. दिरानेही घरी विचारलं, की एवढं कशाला फोडत बसता, तुमचा कान काय वाईट आहे? त्या पोळीकडे बघत म्हणाल्या, साहेबांनी सांगितलंय. साहेबांनी काही सांगितलं नव्हतं. इतक्या वर्षांत दिराशी त्या पहिल्यांदा खोटं बोलल्या आणि त्याने ते जसंच्या तसं खरं मानलं. हात वर नाही म्हणजे खाली काही नाही, हा त्याचा नियम त्याने बदलला नाही. बदलायला त्याला कारणच कुठे दिलं होतं?

नवव्या दिवशी दुपारी एक म्हातारा ट्रकवाला आला. पंचवीस वर्षं डेपोवर येणारा, एकही लाल चिठ्ठी नसलेला. त्याला सगळे काका म्हणत. वहिनींनी त्याच्या मालातल्या सात पिशव्या फोडल्या. भाजीचा कचरा, कापडं, राख. मागे अकरा गाड्या उभ्या होत्या. वहिनी बाजूला झाल्या, हात खालीच ठेवला. डोझर पुढे सरकला.

स्फोट म्हणावा असा तो स्फोट नव्हता. आधी जोराचा फुत्कार, मग लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज. हा वहिनींना ऐकू आला, डेपोच्या पलीकडे रस्त्यावरही गेला असेल. साखळीखाली दबलेली हातभर उंचीची गॅसची टाकी तोंड तुटून उडाली होती आणि डोझरच्या केबिनच्या जाळीत रुतून बसली होती. जाळी आत वाकली होती. जिथे वाकली तिथून दिराचं डोकं वीतभर लांब होतं. तो खाली उतरला. वहिनी धावत गेल्या आणि त्याचे हात, मान, तोंड चाचपत सुटल्या.

तेवढ्यात सगळे गोळा झाले आणि काकांना घेरलं. काट्यावरचा कारकून लाल चिठ्ठ्यांचं बुक घेऊनच आला. टाकी मुद्दाम लपवून आणली असेल तर तीन चिठ्ठ्यांची वाट बघायची नाही, गाडी कायमची बंद, असा नियम होता. काका म्हणाले, मला ठाऊक नाही, पिशव्या बांधलेल्याच मिळतात, मी उघडत नाही. कुणी विश्वास ठेवेना. ठेवणार कसा? नुसती पिशवीत टाकलेली टाकी वहिनींच्या पाठीमागे पडली आणि त्यांना कळली नाही, हे शक्यच नव्हतं. त्या अर्थी ती गोधड्यांत गुंडाळलेली असणार, आणि गुंडाळली त्या अर्थी लपवलेली. काका गोंधळून एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिले आणि शेवटी स्वतःच म्हणाले, "गुंडाळलेलीच असेल बाबा. नाहीतर वहिनींना कळलंच असतं."

कारकुनाने चिठ्ठी फाडायला घेतली. वहिनींनी त्याचं मनगट धरलं.

"गुंडाळलेली नव्हती," त्या म्हणाल्या. "मला ऐकू आली नाही. मला ऐकू येत नाही."

दिराला आधी वाटलं, या घाबरल्यात, काहीतरी बरळतायत. तो समजावायला लागला, की असू द्या वहिनी, एखादी सुटते. त्या नाही म्हणाल्या. मग तिथेच, सगळ्यांसमोर, त्यांनी सांगितलं: काचा कमी झाल्या नव्हत्या, खड्ड्यात चमचमणारी जमीन, ओट्यावर फेकलेल्या तीन पिशव्या. सांगताना त्या फक्त दिराकडे बघत होत्या. तो ऐकत गेला आणि त्याचा चेहरा बदलत गेला.

"ओट्यावर बाटल्या कधी फोडल्या?" त्याने विचारलं.

"आज नऊ दिवस झाले."

"वर्षाचं काही नाही वहिनी," तो म्हणाला. "वर्षभर तुम्हालाही ठाऊक नव्हतं. हे नऊ दिवस मी कुणाच्या भरवशावर चालवत होतो, ते सांगा."

तो डोझरकडे परत गेला नाही. चावी कारकुनाच्या हातात देऊन चालत चढ उतरून गेला. संध्याकाळी घरी त्याने मुलीला मांडीवर घेतलं ते ती झोपेपर्यंत खाली ठेवलं नाही. वहिनींनी स्वयंपाकघरात जाऊन धाकटीची माफी मागितली. पुटपुटण्याबद्दल माफी कशाला, म्हणून धाकटी गोंधळली, मग तिला नवऱ्याकडून सगळं कळलं आणि तिने वहिनींचं ताट वाढून त्यांच्या खोलीत नेऊन ठेवलं. समोर बसली मात्र नाही. ते वहिनींना लागलं, पण लागायलाच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी वहिनींना बोलावलं. साहेब माणूस वाईट नव्हता. आडपडदा न ठेवता बोलला. कानाचं यंत्र मिळेल, अर्ज करा. कडेवरून कुठे हलायची गरज नाही. काकांच्या गाडीचं 'कारण समजले नाही' असं लिहून मिटवू, त्यांचंही नुकसान नको. राहिलं काचेचं. ते आकडे छापून गेलेत, वर गेलेत, त्यावर पुढच्या वर्षाचं ठरलंय, की या डेपोवर एकच तपासनीस पुरे. आता मागे जाऊन ते उकरण्यात कुणाचं भलं आहे? एवढी वर्षं तुमचा एक मान आहे, वहिनी, तो राहू द्या.

वहिनींना साहेबांचा आवाज अर्धा कळत होता, अर्धा ओठांवरून. पण कळलं ते एवढं, की सगळं होतं तसं राहू शकतं. कड, आकडी, भिंतीवरची फ्रेम. खोटं कशाला बोला, त्यांचं मन डळमळलं. यंत्र लावलं तर येईलही ऐकू, कुणी सांगावं?

दीर केव्हा आत आला ते त्यांना कळलं नव्हतं. तो त्यांच्या खुर्चीमागे दाराशी उभा होता. साहेबांची नजर वर गेली म्हणून वहिनी वळायला लागल्या, तेवढ्यात तो स्वतःच फिरून पुढे आला, टेबलाच्या पलीकडे साहेबांच्या बाजूला, खिडकीचा उजेड तोंडावर पडेल असा उभा राहिला. कामाचेच कपडे होते. रात्रभर झोपला नसावा.

"साहेब, या कडेवर असतील तर मी डोझर चालू करणार नाही," तो सावकाश, एकेक शब्द तोडून बोलला. मग वहिनींकडे बघितलं. "हे मी परस्पर येऊन सांगू शकलो असतो, वहिनी. समोर उभा राहून सांगतोय, कारण पाठीमागून बोललेलं आता तुम्हाला ऐकू येत नाही. आणि तुम्हाला कळू न देता तुमच्याबद्दल बोलायची आपल्या घरची रीत नाही."

ती रीत त्याला कुणी लावली होती हे दोघांनाही ठाऊक होतं. वहिनींनी डोळे पुसले नाहीत, गळू दिले. त्यांनी एकच विचारलं, "कळलं मला. भाऊजी, घरी तरी बोलाल ना माझ्याशी?" तो काही म्हणाला नाही. म्हणाला असता तर ओठ हलले असते, आणि वहिनी त्या ओठांकडेच बघत होत्या.

मग त्यांनी साहेबांकडे कोरा कागद मागितला. साहेब म्हणाले, यंत्राचा अर्ज ना? त्या म्हणाल्या, नाही. अक्षर त्यांचं मोठं आणि सावकाश. वर्षभराच्या काचेच्या चिठ्ठ्यांचे आकडे चुकीचे आहेत, ते माझ्या कानांमुळे चुकले, शहरात काच पूर्वीइतकीच येते आहे, एका तपासनीसावर भागणार नाही, दर गाडीमागे पाच पिशव्या फोडल्याच पाहिजेत, काकांच्या गाडीवर काही दोष नाही. एवढं लिहून त्या थांबल्या. साहेबांनी कागदासाठी हात पुढे केला. वहिनींनी एक ओळ मोकळी सोडली, खाली नऊ तारखा एकाखाली एक लिहून काढल्या आणि त्यांच्यापुढे लिहिलं: 'या दिवसांत मला माहीत होतं.'

सही केली, आणि तो कागद त्यांनी साहेबांना न देता आधी दिराच्या हातात दिला.